अजिंठ्याला जावे नदीच्या वाटेने

शाळेची सहल अजिंठ्याला गेली की काय होते, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी थांबते. तेथून चार किलोमीटर बसने, मग तिकीट, पायऱ्या आणि रांग. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहायचा, सतराव्यातील जातककथा ऐकायच्या, सव्विसाव्यातील महापरिनिर्वाणासमोर क्षणभर थांबायचे आणि परतायचे. मुलांच्या वह्यांत तीन गोष्टी लिहिल्या जातात : लेणी तीस, शोधक जॉन स्मिथ, वर्ष १८१९.

एका पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही काही शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी मिळून अजिंठ्याला गेलो, तेव्हा एक वेगळा बेत केला. लेणी शेवटी पाहायची. आधी दरी पाहायची आणि दरीकडून जे कळेल ते वहीत लिहायचे. या बेतातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नदीने आधी काय केले

समोरच्या डोंगरावर एक जागा आहे. तिथून सारी दरी एका नजरेत येते. खाली वाघोरा नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते. पलीकडे सुमारे ७६ मीटर उंचीचा उभा कडा आणि त्याच्या पोटात साधारण अर्धा किलोमीटर लांबीत ओळीने कोरलेली लेणी. आपण उभे असतो ती नालाच्या आतली बाजू, लेणी आहेत ती बाहेरची.

इथे आम्ही विद्यार्थ्यांना विचारले, "लेणी पलीकडेच का? या बाजूला का नाहीत?"

उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे, पण ते डोळ्यांनी पाहण्याची वेळ क्वचित येते. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर पडतो. तो काठ पायथ्याशी पोखरला जातो, वरचा खडक ढासळतो आणि कडा उभा होतो. आतल्या बाजूला पाणी संथ असते, म्हणून तिथे उतार सौम्य राहतो. लेणे कोरायला उभा, उघडा, एकसंध खडक हवा. तो कामगार येण्यापूर्वी लक्षावधी वर्षे नदीने कोरून तयार ठेवला होता. माणसाची छिन्नी या दरीत फार उशिरा आली.

हा खडक म्हणजे आपला ओळखीचा काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेला लाव्हा थरावर थर साचत गेला. काही थर घट्ट, काही सच्छिद्र. घट्ट थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. दरीच्या टोकाला नदी एका कुंडातून दुसऱ्या कुंडात अशा सात उड्या घेत खाली येते. लोक त्याला सातकुंड म्हणतात. तेही पायऱ्यांचेच उदाहरण.

थरांचा पुरावा लेण्यांच्या आतही आहे. चौथे लेणे येथील सर्वांत मोठा विहार. त्याच्या दालनाच्या छताकडे नीट पाहिले, तर वाहता लाव्हा थिजताना उमटलेल्या समांतर वळकट्या दिसतात. चित्रे पाहायला आलेला प्रवासी तिथे थांबत नाही. आमचे विद्यार्थी मात्र माना वर करून बराच वेळ उभे होते.

जुनी वाट कोणती

आज आपण एका लेण्यातून दुसऱ्यात सलग रस्त्याने जातो. हा रस्ता अलीकडचा आहे. प्राचीन काळी बहुतेक लेण्यांना नदीपासून वर येणारा आपापला स्वतंत्र जिना होता. म्हणजे भिक्षू, दाते, प्रवासी आणि पाथरवट खालून, पाण्याच्या बाजूने येत. काही जिन्यांचे अवशेष आजही ओळखता येतात.

आम्ही डोंगर उतरून नदीकाठी आलो आणि सोळाव्या लेण्याच्या जिन्याशी पोहोचलो. वर चढताना दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, आणि वळणावर वेटोळ्यावर बसलेला नागराज. सलग रस्त्याने येणाऱ्याला हा नाग बाजूला पडलेला वाटतो. नदीकडून येणाऱ्याला तो वाटेतच भेटतो. नाग हा आपल्या परंपरेत पाण्याचा राखणदार. हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले. त्याच्या लेखात लेण्याची खिडक्या, दारे, चित्रवीथी अशी वर्णने आहेत, आणि त्याबरोबरच विपुल पाण्याच्या साठ्याचा व नागेंद्राच्या मंदिराचाही उल्लेख आहे. मंत्र्याला आपल्या दानाचे वर्णन करताना पाणी विसरता आले नाही. या लेखाचे वाचन आणि संपादन करण्यात महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा मोठा वाटा आहे.

लेण्यांचे दोन कालखंड मानतात. नववे, दहावे, बारावे, तेरावे ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली. दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर वासिठीपुत कटहादि याने हा दर्शनी भाग दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. नंतर मोठा खंड पडला. उरलेली बहुतेक लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेणाच्या काळाच्या आसपास कोरली गेली. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तर हे सारे काम जेमतेम वीस वर्षांत झाले असे मांडले. ते सर्वांना मान्य नाही, पण काम घाईत थांबले याचे पुरावे सर्वत्र आहेत. चोविसावे लेणे अर्धवट आहे. आमच्या मते शिक्षकाने तिथे जास्तीत जास्त वेळ द्यावा. छत आधी आणि जमीन शेवटी, असे वरून खाली कोरीत जाण्याचे तंत्र पुऱ्या झालेल्या लेण्यात लपून जाते. ते अपुऱ्या लेण्यात उघडे पडते.

या आडवळणी दरीत दाते आले कोठून? अजिंठ्याचा डोंगर हा पाणलोटाचा कणा आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस वाघोऱ्यातून तापीला आणि अरबी समुद्राला जातो, दक्षिणेकडचा पूर्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. हा कणा ओलांडून खानदेशातून दख्खनकडे, उज्जैनकडून पैठणकडे येणारे तांडे जात. वाटेपासून फार दूर नाही आणि वाटेवरही नाही, अशी ही जागा. भिक्षा मिळावी आणि पावसाळ्यातला वास निवांत व्हावा, यासाठी असेच ठिकाण हवे.

'शोध' कोणी लावला?

आता वहीतील दुसऱ्या नोंदीकडे वळू. मद्रास सैन्यातील अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला आला, एका गुराखी पोराने त्याला जागा दाखविली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट सुरस आहे. पुरावा मात्र एकच : दहाव्या लेण्यातील एका खांबावर, जुन्या चित्रावरच ओरखडून लिहिलेले त्याचे नाव आणि तारीख, २८ एप्रिल १८१९.

हा पुरावा काय सांगतो ते पाहू. अक्षरे आज आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर आहेत. म्हणजे तेव्हा लेण्यात माती-दगडांचा मोठा थर साचलेला होता आणि लिहिणारा त्यावर उभा होता. तारीखही बोलकी आहे. इथले जंगल पानझडी आहे. सागासारखी झाडे एप्रिलअखेर बहुतांशी निष्पर्ण असतात. ऑगस्टमध्ये याच डोंगरावरून समोरची कमान दाट हिरवाईत हरवून जाते. उन्हाळ्यात ती उघडी पडते. स्मिथला कमान दिसली यात ऋतूचाही हात असावा, असा आमचा तर्क आहे.

त्याआधी सोळा वर्षे, १८०३ मध्ये, आसईच्या लढाईतील इंग्रज जखमींसाठी अजिंठा गावातच इस्पितळ उघडले होते. गावापासून लेणी अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर, तरी त्यांची नोंद झाली नाही. मग ती कोणालाच ठाऊक नव्हती काय? सातव्या शतकात ह्युएन-त्संगने महाराष्ट्राच्या वर्णनात एका दरीतील मोठ्या विहाराचा आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचा उल्लेख केला आहे. ते वर्णन अजिंठ्याचेच असे बहुतेक अभ्यासक मानतात. सव्विसाव्या लेण्यापाशी राष्ट्रकूटकालीन लेख आहे, म्हणजे आठव्या-नवव्या शतकापर्यंत इथे ये-जा होती. आणि माथ्यावरच्या गावाचे नाव आहे लेणापूर! ज्याला लेणी ठाऊक आहेत, तोच गावाला असे नाव देईल.

एका विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला, "सर, मग परीक्षेत काय लिहायचे? स्मिथ की गुराखी?" आम्ही त्याला म्हटले, "तूच असे वाक्य तयार कर की ज्यातला प्रत्येक शब्द पुराव्याला धरून असेल." बऱ्याच खाडाखोडीनंतर त्याने लिहिले : 'जॉन स्मिथने १८१९ मध्ये अजिंठ्याला भेट दिली आणि त्यानंतर ही लेणी इंग्रजी लेखनातून जगापुढे आली.' या वाक्यात 'शोध' हा शब्द नाही. इतिहासाचा एक धडा त्या दिवशी पुरा झाला असे आम्हांला वाटले.

पाहणाऱ्यांची किंमत

जग आले, तशी हानीही आली. पहिली नोंद हाच पहिला ओरखडा ठरला. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी इथे राहून चित्रांच्या मोठ्या प्रती रंगविल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी यांनी तेच काम नव्याने केले. लंडनलाच १८८५ मध्ये पुन्हा आग लागली आणि शंभराहून अधिक प्रती गेल्या. शिवाय चित्रे उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश लावले गेले होते. पुढे १९२० नंतर निजामाच्या राज्यात आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेले गिलाव्याचे पापुद्रे भिंतीला पक्के केले, पण त्यांनी वापरलेला लाखेचा लेपही काळाबरोबर पिवळा पडला. हे सारे हेतुपूर्वक केलेले नुकसान नव्हे. जपण्याच्या इच्छेतूनही हानी होऊ शकते, ही गोष्ट मुलांना इथे दाखविता येते.

चित्रे आहेत तरी कशाची? माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. तांबडा-पिवळा गेरूमातीचा, हिरवा बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा परका. तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. म्हणजे निळा सोडला तर चित्रे याच प्रदेशाच्या मातीची आहेत, आणि म्हणूनच त्यांचे शत्रूही इथलेच आहेत. बेसाल्टच्या भेगांतून पावसाचे पाणी झिरपते, गिलावा ओलसर होतो आणि भिंतीपासून सुटतो. वनस्पतींच्या धाग्यांवर कीटक जगतात. वटवाघळांची विष्ठा रंग खाते. त्यात आपण भर घालतो ती श्वासातील बाष्पाची, घामाची आणि धुळीची. १९८३ पासून अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाहने आता फर्दापूरलाच अडविली जातात, ती याच कारणाने.

लेण्यांना जिने नदीचे, खडक नदीने उघडा केलेला, रंग खडकाचे आणि भयही पाण्याचे. म्हणून माथ्यावरचे जंगल, झिरपणारे पाणी आणि खालची नदी यांचा विचार सोडून केवळ भिंती जपता येणार नाहीत. दरी जपली तरच लेणी जपली जातील.

पुढच्या सहलीसाठी

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी शक्य असेल तर एक तास आधी निघा आणि मुलांना आधी समोरच्या डोंगरावर न्या. नदीचे वळण वहीत काढायला सांगा आणि लेणी कोणत्या बाजूला ते दाखवायला सांगा. सोळाव्याच्या जिन्याशी नागराजाचे तोंड कोणीकडे आहे ते पाहू द्या. चौथ्याचे छत आणि चोविसाव्याचे अर्धे खांब दाखवा. दहाव्या लेण्यात ओरखडलेली अक्षरे शोधायला लावा आणि ती इतक्या उंचावर का, ते मुलांनाच सांगू द्या.

परतताना बसमध्ये आम्ही वह्या चाळल्या. एका मुलीने शेवटी एकच ओळ लिहिली होती : 'आपले नाव लिहिले नाही.' आम्ही तिला पूर्ण गुण दिले.