वरच्या हवेची विचारपूस

सातपूरच्या कारखान्यांत ज्यांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांना रस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे आठवत असतील. आता एलईडी आले. पण याच सोडियमचा आपल्या अवकाश-इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

२१ नोव्हेंबर १९६३. थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ती जागा शोधताना विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. रॉकेट अमेरिकन, त्यातलं सोडियम फ्रेंचांचं. संध्याकाळी वर सोडियमच्या वाफेचा ढग पसरला. तो कुठे सरकतो याचे फोटो काढायचे, की वरचा वारा कळतो!

पुढे १९७० पासून रशियन एम-१०० रॉकेटं दर आठवड्याला उडू लागली. तापमान आणि वारा मोजायला. प्रत्येक रॉकेट म्हणजे काही मिनिटांची नोंद.

गंमत म्हणजे, निसर्गानं वर सोडियम आधीच ठेवलंय. जळणाऱ्या उल्कांमधलं ते साधारण ८० ते १०५ किलोमीटर उंचीवर थर धरून असतं. जमिनीवरून त्याच पिवळ्या रंगाचा लेझर सोडला की अणू उजळतात. परतलेल्या प्रकाशाचा रंग किंचित सरकला तर वारा कळतो, किती पसरला त्यावरून तापमान. हेच लायडार. त्याखालच्या थरात हवेचे रेणूच प्रकाश परतवतात. त्यावरून घनता आणि घनतेवरून तापमान काढतात. तिरुपतीजवळ गदंकीला १९९८ मध्ये जपानच्या सहकार्यानं असा हिरव्या लेझरचा लायडार सुरू झाला. पावसाळी ढगांपुढे मात्र त्याचा नाइलाज होतो.

एवढा खटाटोप कशाला? कार्बन डायऑक्साइडमुळे खालची हवा तापते, पण तोच वायू वरच्या विरळ हवेतली उष्णता अवकाशात टाकतो आणि ती थंड होते. दोष सूर्याचा असता, तर वरची हवाही तापली असती! म्हणून वरचं तापमान हा फार मोलाचा साक्षीदार आहे. पुण्याच्या आयआयटीएममधले गुफरान बेग आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा नोंदींचा मोठा आढावा घेतला, त्यात थुंब्यासारख्या जुन्या रॉकेट-नोंदीही कामी आल्या.

दर आठवड्याला रॉकेट सोडणाऱ्यांपुढे हा प्रश्न नव्हता. त्यांनी फक्त नोंदी नेमानं ठेवल्या. खंड पडलेली नोंद मात्र मागे जाऊन कुणालाच भरता येत नाही. आज निधी देताना आपण हे लक्षात ठेवतो का?