यंत्राच्या निकालावर माणसांची सुनावणी : ओव्हरसाइट बोर्डाची वाटचाल

कोणता मजकूर राहावा आणि कोणता जावा, याचा अंतिम निर्णय फेसबुकने स्वतःकडे न ठेवता एका स्वतंत्र मंडळाकडे सोपवावा, ही कल्पना हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक नोआ फेल्डमन यांनी २०१८च्या आरंभी मांडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मार्क झुकरबर्ग यांनी ती जाहीरपणे उचलून धरली. सप्टेंबर २०१९मध्ये या मंडळाची, म्हणजे ओव्हरसाइट बोर्डाची, सनद प्रसिद्ध झाली आणि डिसेंबरात १३ कोटी डॉलरचा विश्वस्त निधी ठरला. पैसा कंपनीचाच, म्हणून टीका झाली आणि ती गैरलागू नव्हती. कंपनीचा प्रभाव दूर ठेवणे, हेच निधी विश्वस्तांच्या हाती देण्यामागचे कारण होते.

मार्च २०२०मध्ये महासाथीमुळे मजकूर तपासणारी माणसे घरी बसली आणि स्वयंचलित यंत्रणेवरचा भार वाढला. अशा काळात, ६ मे रोजी, मंडळाचे पहिले २० सदस्य जाहीर झाले. डेन्मार्कच्या माजी पंतप्रधान हेले थॉर्निंग-श्मिट, नोबेल मानकरी तवक्कुल करमान, ‘द गार्डियन’चे माजी संपादक अ‍ॅलन रसब्रिजर आणि बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचे कुलगुरू सुधीर कृष्णस्वामी त्यांत होते. सनदेतील ४० सदस्यांचा पल्ला मात्र पुढेही गाठता आला नाही.

२८ जानेवारी २०२१ रोजी पहिले पाच निकाल आले. चारांत कंपनीचा निर्णय फिरवला गेला. त्यांतले ब्राझीलचे प्रकरण मंडळाची ओळख ठरवणारे होते. स्तनांच्या कर्करोगाची लक्षणे दाखवणारी इन्स्टाग्रामवरील पोस्ट यंत्रणेने नग्नता समजून काढली होती. जनजागृतीसाठी अशा छायाचित्रांना नियमांतच मुभा होती; यंत्राला ती ओळखता आली नाही. कंपनीने घाईने पोस्ट परत आणली आणि आता वाद उरला नाही, असे म्हटले. मंडळाने ते न ऐकता सुनावणी केली आणि माणसांची देखरेख अपुरी असल्याचे नोंदवले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांच्या खात्यांवरील बंदी कायम ठेवताना ती बेमुदत असू नये, असेही मंडळाने बजावले. गाजले ते प्रकरण; पण मोलाचे काम लहान प्रकरणांत झाले. एप्रिल २०२१मध्ये एका पंजाबी पोस्टच्या निमित्ताने नियमावली पंजाबीत आणण्याची शिफारस झाली. कोलंबियातील पोलिसी अत्याचारांवरचे एक व्यंगचित्र चुकून बंदी घातलेल्या चित्रांच्या साठ्यात गेले आणि यंत्रणा जुळणारी प्रत्येक प्रत काढत राहिली. २१५ जणांनी दाद मागितली, त्यांतील ९८ टक्के अपिले मान्य झाली. तरीही चित्र साठ्यातून लगेच हलले नाही. सप्टेंबर २०२२च्या निकालात मंडळाने यावर नेमके बोट ठेवले.

डिसेंबर २०२३मध्ये गाझातील अल-शिफा रुग्णालयाजवळच्या हल्ल्याची चित्रफीत यंत्रणेने हटवल्याच्या प्रकरणात तातडीचा निकाल १२ दिवसांत लागला. मजकुरावरील निकाल कंपनीवर बंधनकारक, शिफारशी मात्र नव्हेत. ही मर्यादा आजही आहे. जानेवारी २०२५मध्ये मेटाने (फेसबुक कंपनीचे नवे नाव) अमेरिकेतील तथ्यतपासणी थांबवत असल्याचे आणि स्वयंचलित कारवाईही आवरती घेत असल्याचे जाहीर केले. एप्रिलमध्ये मंडळाने हे बदल घाईचे ठरवले आणि त्यांच्या दुष्परिणामांचा आढावा घेऊन दर सहा महिन्यांनी माहिती द्यावी, अशी शिफारस केली.