दहा मिलिव्होल्टची धावपळ

दोन वर्षांपूर्वी आजीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. पोटॅशियम ६.८. प्रौढ माणसात ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. आजीची मूत्रपिंडं आधीच थकलेली, आणि पोटॅशियम इतकं वाढलं तर हृदयाची लय बिघडू शकते, एवढं मला ठाऊक होतं. तिला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. "अरे, मला काही होत नाहीये," ती वाटभर सांगत होती. तिथे पुन्हा रक्त घेतलं. आकडा आला ४.६.

मी सॉफ्टवेअरवाला. आकडा विचित्र दिसला की तो कुठून आला हे शोधत मागे जायचं, हे माझं रोजचं काम. हा आकडा मला थेट मातीतल्या जिवाणूंपर्यंत घेऊन गेला.

पूर्वी पोटॅशियम ज्योतीवर मोजत. द्रावण ज्योतीत फवारायचं आणि तिच्या जांभळट प्रकाशाची तीव्रता पाहायची. विद्युतदाबावरून मोजण्याचं सूत्र नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच दिलं होतं: २५ अंश सेल्सिअसला, एकभारी आयन दसपट वाढला की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. अडचण होती सोडियमची. रक्तद्रवात ते पोटॅशियमच्या तीसपटींहून जास्त असतं आणि विद्युतभारही तेवढाच. त्या गर्दीतून फक्त पोटॅशियम ओळखणारं पटल हवं होतं.

१९५५ मध्ये ब्रॉकमन आणि श्मिट-कास्टनर यांनी स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून व्हॅलिनोमायसिन नावाचं प्रतिजैविक वेगळं केलं. १९६४ मध्ये मूर आणि प्रेसमन यांना दिसलं, की ते पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आवरणातून पोटॅशियमला वाट करून देतं. जिवाणूंना ते मारतं तेही याच गुणामुळे. झ्युरिकच्या ईटीएचमधले विल्हेल्म सायमन आणि त्यांचे सहकारी यांनी हाच गुण मोजमापाला जुंपला, आणि दशक संपता संपता व्हॅलिनोमायसिनचं पटल असलेला इलेक्ट्रोड तयार झाला.

व्हॅलिनोमायसिनचा रेणू कड्यासारखा असतो. आतल्या बाजूला वळलेले सहा ऑक्सिजन अणू पोटॅशियमला नेमकं कवेत घेतात. सोडियम आकाराने लहान. त्याला त्या पोकळीत धड आधार मिळत नाही, म्हणून भोवतालचं पाणी सोडून आत शिरणं त्याला परवडत नाही. हा इलेक्ट्रोड पोटॅशियमला सोडियमपेक्षा हजारो पटींनी अधिक दाद देतो.

मग मी नेर्न्स्टच्या सूत्रात आजीचे दोन्ही आकडे घातले. ४.६ आणि ६.८ यांतला फरक निघाला सुमारे दहा मिलिव्होल्ट. घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या दाबाचा दीडशेवा भाग. आमची सगळी धावपळ तेवढ्यासाठी होती.

चूक इलेक्ट्रोडची नव्हती. पहिल्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'नमुना हिमोलाइज्ड'. म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. इलेक्ट्रोडने नळीतलं पोटॅशियम बरोबर मोजलं होतं. नळीतलं म्हणजेच आजीच्या अंगातलं, असं मी धरून चाललो होतो.

आता तिचा रिपोर्ट आला की मी आधी तळाची ओळ वाचतो. मग तिला विचारतो, "आजी, कसं वाटतंय?"