ब्लिझर्ड

ब्लिझर्ड हा जोरदार वारा व उडता बर्फ यांमुळे निर्माण होणाऱ्या तीव्र हिमवादळासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द आहे. मराठीत त्यासाठी 'हिमवादळ' किंवा 'हिमझंझावात' हे शब्द वापरता येतात.

व्याख्या

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेनुसार, ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा आणि उडत्या बर्फामुळे सुमारे ४०० मीटरहून कमी झालेली दृश्यमानता ही स्थिती किमान तीन तास टिकल्यास त्या वादळास ब्लिझर्ड म्हणतात. या व्याख्येत तापमानाची अट नाही. नवीन हिमवृष्टीही आवश्यक नसते. आधी साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडाल्यास 'भू-ब्लिझर्ड' निर्माण होते.

व्युत्पत्ती

या शब्दाचे मूळ निश्चित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन बोलीभाषेत त्याचा अर्थ जोरदार तडाखा किंवा बंदुकांचा मारा असा होता. वाहणे, झोत, घोंघावणे अशा अर्थांच्या, समान ध्वनीने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या धर्तीवर तो ध्वन्यनुकरणातून तयार झाला असावा, असे मानले जाते. विजेसाठी असलेल्या 'ब्लिट्झ' या जर्मन शब्दाशीही त्याचा संबंध जोडला जातो, परंतु तो सिद्ध झालेला नाही. १८७० मध्ये आयोवा राज्यातील एस्थरव्हिल येथील एका वृत्तपत्राने तो हिमवादळासाठी वापरला. १८८०-८१ च्या कडक हिवाळ्यानंतर हा अर्थ अमेरिकेत सर्वत्र रूढ झाला.

१८८८ मधील वादळे

१२ जानेवारी १८८८ रोजी डकोटा, नेब्रास्का व लगतच्या प्रदेशांत अचानक हिमवादळ आले. सकाळ उबदार असल्याने अनेक जण पुरेशा गरम कपड्यांविना घराबाहेर पडले होते. शाळांतून घरी परतणारी अनेक मुले वाटेत दगावल्याने हे वादळ 'शाळकरी मुलांचे ब्लिझर्ड' म्हणून ओळखले जाते. त्यातील मृतांची संख्या सुमारे २३५ मानली जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्लिझर्डमध्ये ४०० हून अधिक लोक मरण पावले. न्यू यॉर्कमध्ये डोक्यावरून जाणाऱ्या तारा तुटून पडल्या व दळणवळण ठप्प झाले. त्यानंतर तारा जमिनीखालून नेण्याच्या कामास गती मिळाली आणि भुयारी रेल्वेच्या मागणीस बळ आले.

इतर अर्थ

लाक्षणिक अर्थाने एखाद्या गोष्टीच्या प्रचंड माऱ्यासही इंग्रजीत ब्लिझर्ड म्हणतात. मराठीत पत्रांचा किंवा प्रश्नांचा 'भडिमार' म्हणतात, तसाच हा प्रयोग आहे. शब्दाचा 'मारा' हा जुना अर्थ या वापरात आजही जाणवतो.