तार कायदा ते इंटरनेट बंदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर दोन मार्गांनी बंधने घातली जातात. एक, शब्दाला शिक्षा करून आणि दुसरे, शब्द वाहून नेणारे माध्यमच बंद करून. भारतात पहिल्या प्रकारचे कायदे विरोधानंतर रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या प्रकारचा अधिकार मात्र टिकून राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

वसाहतकालीन पाया :
लॉर्ड लिटन यांच्या काळात १८७८ मध्ये देशी वृत्तपत्र कायदा संमत झाला. तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. या उघड पक्षपातामुळे असंतोष वाढला व लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८२ मध्ये तो रद्द झाला. पुढे १८८५ मध्ये भारतीय तार कायदा आला. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तारयंत्रणा ताब्यात घेण्याचा व संदेश अडविण्याचा अधिकार त्याच्या कलम ५ ने सरकारला दिला. वरकरणी तांत्रिक असलेला हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला.

इंटरनेटचे युग :
नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी व त्या मजकुराला पसंती देणारी तिची मैत्रीण यांना पालघर येथे अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ यामुळे देशभर चर्चेत आले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरविले. मात्र २०१७ मध्ये तार कायद्याच्याच आधारे दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम करण्यात आले. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील इंटरनेट बंद झाले. फोर-जी सेवा तेथे सर्वत्र पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीस घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी अमान्य आहे आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी दिला. तथापि, इंटरनेटची उपलब्धता हाच मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नावर न्यायालयाने मत दिले नाही.

समारोप :
तार कायद्याची जागा घेणाऱ्या दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम २० मध्येही 'सार्वजनिक आणीबाणी' व 'सार्वजनिक सुरक्षितता' हीच कारणे आहेत. शब्दासाठी शिक्षा झालेली व्यक्ती आपल्या शब्दाचे समर्थन न्यायालयात करू शकते. माध्यम बंद झाल्यावर मात्र अफवा पसरविणाऱ्याबरोबरच परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी आणि व्यापारीही मूक होतात. जे बोललेच गेले नाही, त्याचा बचाव कोणी करावयाचा, हा प्रश्न १८८५ पासून आजतागायत अनुत्तरित आहे.