हजेरी आणि हरिपाठ

आपले बहुतेक संत पोटासाठी राबणारे होते. कीर्तनात हे इतक्यांदा कानावर पडतं, की त्याचं काही वाटेनासं होतं. सावता महाराज अरणला मळा करायचे, गोरोबाकाका तेरला मडकी घडवायचे, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची. पाण्याची पाळी चुकली तर पीक जळतं, चाक थांबलं तर चूल थांबते. कामाला किती द्यायचं आणि देवाला किती, हा प्रश्न सातशे वर्षांचा जुना आहे. आमच्या घरात तो १९७२च्या कार्तिकात येऊन उभा राहिला.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस आधीची दोन वर्षं हुलकावणी देतच होता, बहात्तरला तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. विहिरी उघड्या पडल्या. बैलजोडी मातीमोलानं गेली. मग गावाशेजारी पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि अख्खं गाव तिथं लोटलं. पुरुषांनी टिकावानं चौकडी खणायची, बायांनी पाट्या वाहायच्या, म्हाताऱ्यांनी खडी फोडायची. बाभळीला झोळ्या टांगलेल्या, त्यात तान्ही पोरं. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापली तर तुकडे व्हायचे. कामावर सुकडी वाटायचे. मे १९७३पर्यंत महाराष्ट्रात असल्या कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि सुकडी मिळते म्हणून मला दुष्काळ काही वाईट वाटत नव्हता!

दादा माळकरी. कार्तिकी वारी त्यांनी कधी चुकवली नव्हती. जाऊन येऊन आठवडा मोडायचा. एरवी रानातलं काम शेजाऱ्यावर सोपवून ते निघत. पण हजेरीपटावर शेजारी चालत नाही. आठवडाभर गैरहजर म्हणजे आठवड्याचा पगार गेला, आणि घरात खाणारी तोंडं सहा.

चार रात्री दादांना झोप नव्हती. पाचव्या दिवशी आई चुलीपुढनंच बोलली, "अवं, सावता माळी कुठं पंढरीला गेला हुता? देवच आला न्हवं त्याच्याकडं?"

आईला अक्षर येत नव्हतं, पण तिनं बोट ठेवलं ते बरोबर इतिहासावर. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, अशीच परंपरा आहे. आजही बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण अरणला विठ्ठलाचीच पालखी येते. म्हणजे न जाण्याचीही एक वाट पंथानं राखून ठेवलेली आहे. दादा त्या वाटेनं गेले. एकादशीला त्यांनी चौकडी खणली आणि संध्याकाळी तलावाच्या भरावावरच हरिपाठ म्हटला. पहिल्या दिवशी सहा माणसं होती. पुढं पुढं टाळ नसलेली माणसं टिकावाच्या पात्यावर खडा वाजवून ताल धरू लागली.

उपासाचंही आईनंच मिटवलं. दादा एकादशीला पाण्याच्या घोटावर राहात. ती म्हणाली, "रिकाम्या पोटी टिकाव उचलताना पडलासा, तर देव तुमची हजेरी लावंल का?" तिनं मूठभर शेंगदाणे त्यांच्या धोतराच्या सोग्यात बांधून दिले. दादांची सुकडी मात्र त्या दिवशी मला मिळायची.

पण काम हीच भक्ती, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आमच्यापासून लांब नसलेल्या मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत ढासळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. तेही राबतच होते, तेही विठ्ठलाचेच होते. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. भरवसा होता म्हणून भिंत थांबली नाही, की दुष्काळ टळला नाही. हे कामावरच्या बायांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ओठावर विठ्ठल असायचा आणि डोळा मापाच्या काठीवर. मुकादमानं चौकडीचं माप कमी धरलं, तर याच बाया पाट्या खाली ठेवून त्याला अडवायच्या. देवावर भार टाकायचा, पण माप त्याच्यावर सोडायचं नाही.

मागेल त्याला काम, हा विचार वि. स. पागे यांनी त्याआधीच सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात करून पाहिला होता. त्याचा पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क आहे, असं तेव्हा कागदावर आलं. त्या कागदामागं भरावावरची ही माणसं होती, असं मी मानतो.

त्र्याहत्तरला पाऊस आला. तलावात पाणी साठलं, शाळू पेरला गेला. कार्तिकी जवळ आली तसे दादा पताका झटकू लागले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते आईला म्हणाले, "तू कधी गेलीस गं पंढरीला?"

आई हसली. "मी गेले तर धारा कोण काढंल? भाकरी कोण थापंल?"

हेच उत्तर तिनं स्वतःला पंधरा वर्षं दिलेलं असणार. दादांची प्रत्येक वारी तिच्या घरी राहण्यावर चालली होती, हे तोवर कुणी बोललं नव्हतं. सावतोबाची वाट तिला आयती ठाऊक होती, कारण ती रोज त्याच वाटेवर होती.

त्या साली दादा घरी राहिले. त्यांच्या भाकरी मिलोपेक्षा वाईट झाल्या. आई गावातल्या बायांबरोबर पायी गेली, चंद्रभागेत न्हाली आणि परत येताना आम्हा पोरांना चुरमुरे-बत्तासे घेऊन आली. देवाला काय मागितलंस, असं मी विचारलं.

"मागायचं काय त्यात? बघून आले. गाय किती देती आता?"