काँग्रेस रेडिओ आणि सातारचे प्रतिसरकार : संपर्कव्यवस्थेचा तौलनिक विचार

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९३९ मध्ये, हिंदुस्थानातील हौशी रेडिओचे परवाने रद्द झाले. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाच्या साहाय्याने उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला. त्याची लहरलांबी ४२.३४ मीटर, म्हणजे वारंवारिता सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ होती. हौशी मंडळींच्या परिचयाचा हा ४० मीटरचा पट्टा होय. आयनावरणावरून परावर्तित होणाऱ्या या लहरी शेकडो किलोमीटर जातात. मुंबईपासून सातारा सरळ रेषेत सुमारे १९०, तर सांगली सुमारे ३०० किलोमीटर आहे.

परंतु प्रक्षेपण जाणणारे मोजकेच होते. जागा वारंवार बदलूनही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले. याउलट, आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात टिकून राहिले. तेथे निरोप गावोगावच्या माणसांकरवी जात. एक दुवा तुटला तरी दुसरा उरे.

यावरून रेडिओ निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. एकाच वेळी दूरवर बातमी पोहोचविणे पायी निरोप्यांना अशक्यच होते. तथापि भूमिगत चळवळींच्या अभ्यासात साधनाच्या पल्ल्याइतकीच ते जाणणाऱ्यांची संख्याही विचारात घेणे आवश्यक आहे.